साहेबांच्या खोलीतले दोनशे तीस व्होल्ट

या जगात जे काही भरपूर मिळवायचं असतं, त्यातलं थोडं आधी पदरचं घालावं लागतं. दुधाला विरजण लागतं, आटलेल्या हातपंपात आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, आणि वीज तयार करणाऱ्या यंत्रालाही आधी थोडी वीज पाजावी लागते. यंत्र कितीही गरगरा फिरलं, तरी ही आतली वीज मिळाल्याशिवाय त्यातून एक दिवा पेटेल एवढंही काही बाहेर पडत नाही; नुसता आवाज येतो. (असे नुसते फिरणारे आमच्या कार्यालयातही पुष्कळ आहेत, पण तो प्रस्तुत विषय नाही.) या आतल्या विजेला आमच्याकडे पूर्वी ‘एक्सायटेशन’ म्हणत. भाषा कक्षाने तिचं नाव ‘उत्तेजन’ असं ठेवलं, आणि तेव्हापासून हा विषय आपोआप कर्मचारी विभागाकडे गेला, कारण उत्तेजनार्थ बक्षिसं तेच देतात.

मी या कागद कारखान्यात पत्रव्यवहार लेखनिक आहे. गेल्या बावीस वर्षांत निघालेला प्रत्येक आदेश माझ्या बोटांखालून गेला आहे, त्यामुळे कारखाना मीच चालवतो असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. फक्त अजून तसं कोणी म्हटलेलं नाही. कारखान्याचं स्वतःचं वीजघर आहे. कालव्याच्या पाण्यावर तिथे एक यंत्र फिरतं आणि कारखाना, टेकडीवरचं कार्यालय आणि तीनशे बारा घरांची वसाहत या सगळ्यांना वीज देतं. हे यंत्र माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सांभाळतात.

सांभाळतात म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. कारखान्यातली मोठी मोटर सुरू झाली, की यंत्रावर भार पडतो आणि व्होल्टेज खाली बसतं. मग उत्तेजन वाढवावं लागतं. मोटर बंद झाली, की व्होल्टेज उसळतं. मग उत्तेजन कमी करावं लागतं. हे काम करायला भिंतीला करड्या रंगाचा एक डबा आहे. त्याला रेग्युलेटर म्हणतात. दोन बारीक तारांनी तो व्होल्टेजवर नजर ठेवतो आणि दोनशे तीसचा काटा हलू देत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो निर्णय घेतो, तोही कोणाला न विचारता. अकरा वर्षं त्याने हे काम केलं. रजा नाही, तक्रार नाही, एक कागद नाही. साहजिकच त्याच्या नावाची फाईल नव्हती, आणि ज्याची फाईल नाही त्याच्यावर संशय घेणं हे कोणत्याही जबाबदार संस्थेचं कर्तव्यच आहे.

संशयाला निमित्त मिळालं ते असं. एका दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मोठ्या साहेबांच्या टेबलावरचा दिवा मंदावला. मापून पाहिलं तर दोनशे चौदा भरले. भावोजींनी अहवाल दिला: ‘कार्यालय टेकडीवर, लायनीच्या शेवटच्या टोकाला आहे. तार बारीक आहे. जाड टाकावी.’ अहवाल तीन वाक्यांचा असल्याने विचारार्थ घेता आला नाही.

त्याऐवजी ‘विद्युतदाब समन्वय समिती’ नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष खुद्द मोठे साहेब. सदस्यांत कर्मचारी विभागाचे प्रमुख (उत्तेजनामुळे), उद्यान अधीक्षक (खांब त्यांच्या हिरवळीत येतात म्हणून), निवास पर्यवेक्षक (वसाहत त्यांच्याकडे म्हणून) आणि ग्रंथपाल (रिकामे होते म्हणून). भावोजी विशेष निमंत्रित होते. विशेष निमंत्रिताने विचारल्याशिवाय बोलू नये असा संकेत आहे, आणि त्याला विचारू नये असाही आहे. समितीच्या नऊ बैठका झाल्या. एकूण चहा एकशे अठ्ठावीस कप. एकूण तांत्रिक प्रश्न एक, आणि तो ‘पंखा कोणी बंद केला?’ असा होता.

नवव्या बैठकीत ग्रंथपालांनी मूलगामी मुद्दा मांडला. रेग्युलेटर बघतो कुठे? वीजघरात. साहेब बसतात कुठे? कार्यालयात. मग जिथे साहेब नाहीत तिथलं व्होल्टेज सांभाळून उपयोग काय? इतकी साधी गोष्ट अकरा वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती. रेग्युलेटरची नजर साहेबांच्या खोलीवर असावी, असा ठराव एकमताने झाला. भावोजींनी हात वर केला होता, पण तो अनुमोदन म्हणून मोजण्यात आला.

महिनाभरात वीजघरापासून टेकडीपर्यंत दीड किलोमीटर खांबांवरून दोन बारीक तारा ओढल्या गेल्या. त्या साहेबांच्या खोलीतल्या मेन स्विचच्या पुढे, थेट त्यांच्या दिव्याच्या जोडणीला लावल्या. (जाड तार टाकायला हेच खांब आणि हीच माणसं लागली असती. पण त्यात समितीचं योगदान दिसलं नसतं.) शिवाय आदेश क्रमांक सतरा निघाला: ‘यंत्र स्वयंचलित नियंत्रणातून काढून हातावर घेणे म्हणजे अध्यक्षांच्या खोलीकडे पाठ फिरवणे होय, सबब अध्यक्षांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणीही तसे करू नये.’ भाषा माझी आहे. ‘सबब’ या शब्दावर साहेब खूश झाले होते.

योजनेचं यश पहिल्याच दिवशी दिसलं. साहेबांच्या खोलीत बरोबर दोनशे तीस. लायनीत जेवढी घट होते तेवढं जास्तीचं व्होल्टेज रेग्युलेटर इकडून रेटत असल्याने वसाहतीत दोनशे सत्तेचाळीस. भांडार विभागाने ‘वसाहतीच्या प्रकाशात चौदा टक्के वाढ’ अशी नोंद केली. बल्ब फुटण्यात तीनशे टक्के वाढ झाली, तिची नोंद ‘बल्बची लोकप्रियता’ या सदरात झाली.

त्यातून एक सामाजिक लाभही झाला. साहेबांनी एसी लावला, की त्यांच्या लायनीत घट वाढायची, रेग्युलेटर आणखी जोर लावायचा आणि खाली वसाहतीतले दिवे झगझगीत व्हायचे. साहेब जेवायला उठले, की दिवे जरा निवायचे. अशा तऱ्हेने प्रशासन आणि जनता यांच्यात जे थेट नातं असावं असं सगळे म्हणतात, ते आमच्याकडे प्रत्यक्षात आलं. बायका दिव्याकडे बघून म्हणायच्या, ‘आले वाटतं.’ मग इस्त्र्या निघायच्या, कारण तेव्हा त्या लवकर तापत. एकदा साहेब बैठकीत चिडले आणि त्यांनी एसी अठरावर नेला, तर वसाहतीत चार घरांत कपडे करपले.

आता ताईबद्दल. माझ्या ताईने घरात अंडी उबवायचं कपाट केलं होतं. जुनं लाकडी कपाट, आत जाळीचे चार खण, साठाचे चार बल्ब, वर हवा सोडायची एक झडप आणि दाराला काच. दोनशे चाळीस अंडी. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा फुलीचा गोल करायचा आणि गोलाची फुली. एकवीस दिवस पारा साडेसदतीसच्या आसपास ठेवायचा. पारा आपोआप सांभाळणारा खटका कपाटात नव्हता. ते काम ताई स्वतः करायची, झडप उघडून, बल्ब काढून-लावून. म्हणजे वीजघरात जे रेग्युलेटर करायचा, तेच घरात ताई करायची. फरक एवढाच की ताईला कोणी ठराव करून दुसऱ्याच्या खोलीकडे बघायला लावलं नव्हतं.

पहिली खेप थर्मामीटर खोटा निघाल्यामुळे गेली. दुसरी खेप लावली आणि त्याच आठवड्यात समितीची योजना सुरू झाली. दोनशे चाळीस अंडी उकडून निघाली. ताई दोन दिवस कोणाशी बोलली नाही, आणि ताई दोन दिवस बोलत नाही हे आमच्या घराण्यात ऐकिवात नाही. वर निवास पर्यवेक्षकांची नोटीस आली: ‘निवासस्थानातील कपाटाचा वापर कपाटाव्यतिरिक्त होत असल्याचे निदर्शनास आले आहे. पुढील खेपेत फलनिष्पत्ती न झाल्यास कपाट हटवण्यात यावे.’ (ही भाषाही माझीच. ‘फलनिष्पत्ती’ लिहिताना जिवावर आलं होतं, पण शब्द चांगला होता.)

तिसरी खेप लावायच्या आधी ताई माझ्याकडे आली.

‘तू साहेबांच्या खोलीबाहेरच बसतोस ना?’

‘हो.’

‘त्यांनी एसी लावला की मला फोन करायचा. बंद केला की करायचा. मधे उठले तरी करायचा.’

‘ताई, मी कार्यालयीन वेळेत…’

‘तुझ्या कार्यालयीन वेळेनेच माझी दोनशे चाळीस उकडलीत.’

त्या दिवसापासून मी दिवसाला सरासरी अकरा फोन केले. ‘आले.’ ‘लावला.’ ‘जेवायला गेले.’ ‘परत आले, चिडलेत, अठरावर.’ ताई तिकडे झडप मागेपुढे करायची. अशा रीतीने अठरा दिवस निघाले. अठराव्या दिवशी तिने अंडं बल्बसमोर धरून मला आत हलणारी सावली दाखवली. मला भरून आलं. फाईलमध्ये कधी काही हलताना मी पाहिलेलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी साहेब दौऱ्यावर गेले.

ताई निर्धास्त होती. साहेब नाहीत, म्हणजे एसी नाही, म्हणजे पारा स्थिर. मीही निर्धास्त होतो. पण आदल्याच आठवड्यात मी वीज बचतीचं एक परिपत्रक टाईप केलं होतं: ‘अधिकारी अनुपस्थित असल्यास त्यांच्या खोलीचा मेन स्विच बंद करून खोलीस कुलूप लावावे.’ आमचा शिपाई हा कारखान्यातला एकमेव माणूस आहे जो परिपत्रकं वाचतो. त्याने अकरा वाजून पाच मिनिटांनी साहेबांच्या खोलीचा मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं आणि स्टुलावर येऊन बसला.

रेग्युलेटरच्या दृष्टीने जग अंधारात बुडालं. ज्या खोलीकडे बघ म्हणून त्याला सांगितलं होतं, तिथे शून्य व्होल्ट. प्रामाणिक नोकराने अशा वेळी जे करावं तेच त्याने केलं. होतं नव्हतं तेवढं उत्तेजन यंत्रात ओतलं. तरी शून्यच. मग ओतत राहिला. (व्होल्टेज फार वाढलं तर यंत्र आपोआप बंद करणारी सोय होती. ती मागच्या वर्षी साहेबांच्या भाषणात नेमकी चालली होती, म्हणून काढून ठेवली होती.)

माझ्या डोक्यावरचा बल्ब पांढराफटक झाला. पंख्याला चेव आला आणि माझ्या टेबलावरचे बावीस वर्षांचे शिस्तीत रचलेले कागद उडाले. फोन वाजला. भावोजी होते.

‘अरे, साहेबांच्या खोलीत काय केलंत?’

‘काही नाही. साहेब दौऱ्यावर आहेत.’

‘ते गेलेत हे मला ठाऊक आहे. यंत्राला कोणी सांगितलं? काटा दोनशे नव्वदला टेकलाय!’

मी शिपायाकडे वळलो.

‘किल्ली द्या.’

‘साहेबांची चिठ्ठी?’

‘साहेब दौऱ्यावर आहेत.’

‘म्हणून तर कुलूप आहे.’

‘अहो, फक्त स्विच लावायचाय!’

‘बंद करायचा आदेश आहे. लावायचा कुठे आहे?’

‘तो आदेश मीच टाईप केलाय!’

‘मग त्यात लिहायचं होतं,’ तो म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं, आणि हेच मला सर्वांत जास्त झोंबलं.

दुसरा फोन वाजला. ताई.

‘बल्ब बघवत नाहीत रे! पारा एकोणचाळीसवर गेला! मी दोन बल्ब काढलेत, हात भाजला, तरी चढतोय. दार उघडलं तर गारठतील. काय करू?’

माझ्या एका कानाला ताई, एका कानाला भावोजी, समोर शिपाई.

‘परवानगी दे,’ भावोजी म्हणाले. ‘यंत्र हातावर घेतो.’

‘मला अधिकार नाही हो. आदेश सतरा…’

‘सतराव्यात काय आहे ते मला सांगू नकोस. घरात दोनशे चाळीस जीव आहेत आणि त्यांच्यामागे तुझी बहीण आहे. दुपारी जेवायला तिच्यासमोर मला बसायचंय, साहेबांना नाही.’

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग एक खट् आवाज. मग चाक फिरवल्याची करकर. माझ्या डोक्यावरचा बल्ब हळूहळू पिवळा झाला, पंखा भानावर आला आणि एक कागद तरंगत येऊन माझ्या मांडीवर पडला. तो आदेश क्रमांक सतरा नव्हता. उगाच काहीतरी रजेचा अर्ज होता.

‘अडतीस,’ ताई म्हणाली. मग, ‘साडेसदतीस. थांबला.’ आणि ती फोनवरच रडायला लागली. मलाही रडू येत होतं, पण कार्यालयीन वेळ होती.

हा सगळा प्रकार सव्वाचार मिनिटं चालला. वसाहतीत दोनशे नऊ घरांत बल्ब फुटले.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी ताईकडे गेलो तेव्हा ती कपाटाला कान लावून उभी होती. हाताला पट्टी होती. तिने मला बोटाने गप्प केलं. आतून टकटक येत होती. अगदी बारीक, पण ठाम. संध्याकाळपर्यंत दोनशे चाळीसपैकी एकशे एकाहत्तर पिल्लं बाहेर आली. ओली, चिडलेली, उभं राहताना पडणारी. भावोजी कपाटासमोर फरशीवर बसून हसत होते आणि एक पिल्लू त्यांच्या बाहीत शिरलं होतं. इतका आनंद मी आमच्या घरात फार वर्षांनी पाहिला. निवास पर्यवेक्षक फलनिष्पत्तीची पाहणी करायला आले, त्यांनी नोटीस मागे घेतली आणि जाताना सहा पिल्लं स्वतःच्या निवासस्थानासाठी सांगून गेले.

साहेब परत आल्यावर भावोजींची चौकशी लागली. आरोप एकच: परवानगीशिवाय यंत्र हातावर घेतलं. समितीने पुराव्यासाठी पिल्लांची प्रत्यक्ष तपासणी केली. (एक पिल्लू उद्यान अधीक्षकांच्या बुटावर बसलं आणि उठेना.) मग ग्रंथपालांनी निष्कर्ष मांडला. व्होल्टेज जर खरोखर दोनशे नव्वदला गेलं असतं, तर पिल्लं मेली असती. पिल्लं धडधाकट आहेत. त्या अर्थी व्होल्टेज वाढलंच नव्हतं.

‘मी कमी केलं म्हणून जगली,’ भावोजी म्हणाले.

‘कमी करण्याची परवानगी होती?’

‘नव्हती.’

‘मग कमी कसं केलं असेल?’ साहेबांनी विचारलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

तरीही साहेब न्यायी आहेत. केवळ तर्कावर निर्णय नको, म्हणून त्यांनी वसाहतीचं मत मागवायला सांगितलं. तीनशे बारा घरांत छापील फॉर्म वाटले. प्रश्न एकच: ‘घटनेच्या दिवशी आपल्या निवासस्थानी विद्युतदाब कसा होता?’ उत्तरासाठी दीड इंच जागा. भावोजींनी मला त्या दिवशी शांतपणे सांगितलं, ‘दोनशे नऊ घरांत बल्ब फुटलेत. निम्म्यांनी जरी खरं लिहिलं, तरी मी सुटलो.’

फॉर्म परत आले. एक फॉर्म पाठपोट लिहून भरलेला, वर चार पुरवण्या जोडलेला. तो ताईचा, आणि आरोपीची पत्नी म्हणून तो बाजूला काढावा लागला. उरलेल्या तीनशे अकरा फॉर्मांत एकच शब्द होता: ‘ठीक.’ ज्यांनी त्याच आठवड्यात भांडारातून नवे बल्ब नेले, त्यांनीही. ज्यांचा रेडिओ जळला, त्यांनीही. एक फॉर्म माझा होता. मी सही करताना थोडा थांबलो होतो, हे खरं आहे. पण घाईत होतो, आणि इतरांनी लिहिलं असेलच, असं मला वाटलं.

भावोजींना सक्त ताकीद मिळाली. ती मीच टाईप केली. त्यांनी पोच म्हणून सही केली, माझ्याकडे पाहिलं आणि ‘सबब कुठाय रे?’ एवढंच विचारलं. रेग्युलेटर अजून साहेबांच्या खोलीकडेच बघतो. साहेब दौऱ्यावर असले, की मेन स्विचला कोणी हात लावू नये म्हणून शिपाई आत बसतो, आणि तो एसी सोळावर ठेवतो. ताईची चौथी खेप लागली आहे.

वाचक म्हणतील, आम्ही त्या वसाहतीत असतो तर खरं लिहिलं असतं. असेलही. पण काल जिन्यात शेजाऱ्याने तुम्हाला थांबवून विचारलं होतं, ‘काय, कसं चाललंय?’ घरी काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत होतं, आणि त्यालाही थोडंफार माहीत होतं, म्हणूनच तो थांबला होता. तुम्ही काय उत्तर दिलंत, ते मी विचारत नाही. आमच्याकडे ते तीनशे अकरा वेळा लेखी आहे.